जर्मनमधली पहिली मुलाखत: मराठी डेव्हलपरने तयारी कशी करावी

बर्लिन आणि म्युनिकमधल्या पुष्कळ सॉफ्टवेअर कंपन्यांचे कामकाज इंग्रजीत चालते आणि ‘ब्लू कार्ड’ या निवास परवान्यालाही जर्मन भाषेची अट नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईहून तिकडे जाऊ पाहणाऱ्या डेव्हलपरला जर्मनमधून मुलाखत द्यावीच लागेल असे नाही. मात्र विमा कंपन्या, रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्था, यंत्रे बनवणारे मध्यम आकाराचे कारखाने आणि सरकारी खात्यांची कामे घेणाऱ्या कंपन्या यांचा रोजचा व्यवहार बहुतांशी जर्मनमधूनच होतो, आणि केवळ इंग्रजीच्या भरवशावर राहणाऱ्या उमेदवाराला ही सगळी दारे बंद राहतात. ज्यांनी बी-१ किंवा बी-२ या मधल्या पातळ्यांपर्यंत जर्मन शिकले आहे, कोड लिहिण्याचा दोन-चार वर्षांचा अनुभव घेतला आहे, परंतु जर्मनमधून कामाविषयी दहा मिनिटेही सलग बोललेले नाहीत, अशांसाठी हा लेख आहे.

सगळ्या तयारीच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. आपण इंजिनियर मंडळी जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जातो, म्हणजे मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्याचे जर्मन करू लागतो. ही वाट लांबची आहे आणि तिच्यावर खड्डेही जास्त आहेत. वाक्यरचना, आकडे, आदरार्थी संबोधन, इतकेच काय पण नपुंसकलिंगाचे अस्तित्व, अशा अनेक बाबतींत जर्मन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची वाटते, आणि मुलाखतीच्या तयारीत या जवळिकीचा उपयोग करून घेता येतो.

अर्ज करण्याआधी

युरोपीय चौकटीत भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या मानतात. पुणे किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात दिल्या जाणाऱ्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात व प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण मिळाले की तो भाग उत्तीर्ण होतो. या परीक्षेच्या तोंडी भागात दोघांनी मिळून एखादा कार्यक्रम ठरवायचा असतो आणि नेहमीच्या जीवनातल्या एखाद्या विषयावर छोटे सादरीकरण करायचे असते. डेटाबेसवरचा ताण कसा कमी केला, हे तिथे कोणी विचारत नाही. म्हणून प्रमाणपत्र हातात आले म्हणजे मुलाखतीची तयारी झाली असे समजू नये, आणि व्यवसायाची भाषा अजून यायची आहे म्हणून प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असेही मानू नये.

जर्मन पद्धतीचा ‘लेबन्सलाउफ’, म्हणजे जीवनवृत्त, तक्त्याच्या रूपात आणि अलीकडच्या नोकरीपासून मागे जाणाऱ्या क्रमाने लिहितात. तो स्वतः लिहावा. भाषांतर करणाऱ्या यंत्राकडून किंवा मित्राकडून घोटून घेतलेला, सफाईदार शब्दांनी भरलेला कागद पाठवल्यास समोरचा माणूस त्याच सफाईची अपेक्षा धरून बोलायला लागतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच उमेदवाराची पंचाईत होते. लेबन्सलाउफमधला प्रत्येक शब्द आपल्याला मोठ्याने, न अडखळता उच्चारता आला पाहिजे, हा नियम ठेवावा आणि जो शब्द जमत नाही तो काढून साधा शब्द घालावा. भाषेची पातळी जी असेल तीच लिहावी. बी-१ असताना ‘फ्लीसन्ट’, म्हणजे अस्खलित, असे लिहिण्यात काही फायदा नाही.

तीन आठवडे आधी: आपल्या कामाच्या तीन हकिकती

‘फोरश्टेलुंग्सगेश्प्रेश’, म्हणजे मुलाखत, बहुधा तासाभराची असते आणि तिचा मोठा भाग तुम्ही केलेल्या कामाभोवती फिरतो. संभाव्य पन्नास प्रश्नांची उत्तरे पाठ करण्याचा मोह होतो, पण पाठ केलेले उत्तर प्रश्न जरासा बदलला की कोसळते. त्याऐवजी तीन हकिकती पक्क्या कराव्यात. पहिली, तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेल्या एका कामाची. दुसरी, तुमच्या हातून झालेल्या किंवा तुम्ही शोधलेल्या एका गंभीर चुकीची. तिसरी, सहकाऱ्याशी मतभेद होऊन मार्ग निघाला अशा एका प्रसंगाची. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘तुमचे बलस्थान कोणते’, ‘अडचण आली तेव्हा काय केले’, अशा बहुतेक प्रश्नांना या तिन्हींपैकी एकीचा तुकडा उत्तर म्हणून पुरतो.

या हकिकती आधी मराठीत लिहाव्यात, आणि त्याही बोलीतल्या, आखूड वाक्यांत. याचे कारण उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘आम्ही डेटाबेस बदलला, कारण क्वेरी फार संथ होत्या’ हे सांगायचे आहे. जर्मनमध्ये ‘कारण’ सांगणारे ‘वाइल’ आले की पुढच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते: ‘वाइल दी आपफ्रागन त्सू लांगझाम वारन.’ आता शब्द एकाखाली एक मांडून पाहा. वाइल म्हणजे कारण, दी आपफ्रागन म्हणजे क्वेरी, त्सू लांगझाम म्हणजे फार संथ, वारन म्हणजे होत्या. मराठी वाक्य जसेच्या तसे उतरले आहे. हाच विचार इंग्रजीतून केला तर ‘होत्या’ मध्येच येतो, जीभ अडखळते, आणि वर्गात शिकलेला ‘क्रियापद शेवटी’ हा नियम वाक्य संपल्यावर आठवतो. ‘दास’ (की), ‘वेन’ (जर, जेव्हा), ‘ओबवोल’ (जरी) या शब्दांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यांनाही हेच लागू आहे.

मुख्य वाक्यात मात्र सावध राहावे लागते, कारण तिथे चालवले जाणारे क्रियापद दुसऱ्या जागी येते आणि उरलेला भाग शेवटी जातो. ‘इश हाबे दी डाटनबांक उमगेश्टेल्ट’, म्हणजे ‘मी डेटाबेस बदलला’, यात ‘हाबे’ दुसरे आहे आणि खरी क्रिया सांगणारा शब्द शेवटचा आहे. बोलण्यात भूतकाळ साधारणपणे असाच, ‘हाबे’ किंवा ‘बिन’ घेऊन, तयार करतात. पुस्तकी साधा भूतकाळ ‘वार’ (होतो), ‘हाटे’ (माझ्याकडे होते) आणि ‘कोन्टे’ (जमत होते) अशा मोजक्या शब्दांपुरता ठेवला तरी पहिल्या मुलाखतीला पुरतो.

हकिकत सांगताना ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचे प्रमाण तपासावे. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे थोडे उद्धट वाटते म्हणून आपण सगळे काही ‘आम्ही’ केले असे सांगतो. जर्मन मुलाखतकार हे विनय म्हणून न ऐकता माहितीचा अभाव म्हणून ऐकतो आणि हमखास विचारतो, की यात तुमचा वाटा कोणता होता. संघाचे काम ‘विअर’ने सांगावे आणि स्वतःचे ‘इश’ने, इतके पथ्य पाळले म्हणजे झाले.

शब्दसंग्रहाची भीती अनाठायी आहे. जर्मन डेव्हलपर सर्व्हर, कोड, फ्रेमवर्क, बग हे शब्द तसेच वापरतात, आणि इंग्रजी क्रियापदांनाही जर्मन कपडे चढवतात. ब्रँच ‘गेमर्ज्ट’ होते, बदल ‘गेपुश्ट’ होतात. खरी गरज आहे ती चाळीसेक अस्सल जर्मन शब्दांची, जे बैठकांत सतत येतात: श्निटश्टेले (इंटरफेस), डाटनबांक (डेटाबेस), आपफ्रागे (क्वेरी), श्लाइफे (लूप), श्पाइशर (मेमरी आणि स्टोरेज दोन्ही), फेलर (चूक), आनफोर्डरुंग (रिक्वायरमेंट), बेनुत्सर (वापरकर्ता), बेरेश्टिगुंग (परवानगी), र्युकगाबेवेर्ट (रिटर्न व्हॅल्यू). प्रत्येक शब्द त्याच्या लिंगासह पाठ करावा. मराठीत तीन लिंगे असल्यामुळे ‘ते’ ही कल्पना आपल्याला नवी नसते, इंग्रजी माणसाला ती मुळापासून शिकावी लागते. अर्थात लिंगे जुळतीलच असे नाही: आपले टेबल नपुंसकलिंगी आहे आणि त्यांचे ‘टिश’ पुल्लिंगी. बोलताना लिंग चुकले तर समजण्यात काही अडत नाही, त्यामुळे तिथे थांबून वाक्य पुन्हा सुरू करू नये.

लघुरूपांचे मात्र ऐकून घ्यावे. जर्मन मंडळी अक्षरांना आपल्या नावांनी हाक मारतात. एसक्यूएलचे ‘एस-कू-एल’ होते, सीएसव्हीचे ‘त्से-एस-फाउ’, पीएचपीचे ‘पे-हा-पे’. मुलाखतीत हे पहिल्यांदाच कानावर पडले तर परिचित तंत्रज्ञानही अनोळखी वाटते. स्वतःचे नाव जर्मन अक्षरांत सांगण्याचा सरावही याच वेळी करावा, कारण दूरध्वनीवर तेच आधी विचारतात. जोशी असाल तर ‘योट, ओ, एस, हा, ई’. इथे ‘ए’ आणि ‘ई’ यांचा गोंधळ ठरलेला आहे, कारण जर्मनमध्ये I या अक्षराला ‘ई’ म्हणतात आणि E ला ‘ए’. आणि हो, जाधवांचे ‘याधाफ’ झाले तर एकदा हसून योग्य उच्चार सांगावा, ते आनंदाने सुधारून घेतात.

ऐकण्याची तयारी

पहिल्या मुलाखतीत उमेदवार बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त हरतात, असे माझे मत आहे. बोलताना शब्द तुमच्या ताब्यात असतात, ऐकताना नसतात. त्यातून जर्मनमध्ये क्रियापदाचे दोन तुकडे होतात आणि निर्णायक तुकडा वाक्याच्या टोकाला जातो. ‘आइनश्टेलन’ या एका क्रियापदाचा अर्थ नोकरीवर घेणे, बंद करणे आणि सेटिंग लावणे असा तीन प्रकारचा आहे. ‘विअर श्टेलन द्राय एंटविक्लर आइन’ म्हणजे आम्ही तीन डेव्हलपर घेत आहोत, तर ‘विअर श्टेलन दास प्रोयेक्ट आइन’ म्हणजे आम्ही तो प्रकल्प बंद करत आहोत. शेवटी ‘आइन’च्या जागी ‘उम’ आले असते तर प्रकल्प बंद होणार नसून बदलणार होता. म्हणून वाक्य पूर्ण होईपर्यंत मान डोलावू नये. ही शिस्त मराठी माणसाला अवघड नाही, कारण ‘मला ते काम आवडत’ इथपर्यंत ऐकून आपणही पुढे ‘नाही’ येते का याची वाट पाहतोच.

आकड्यांत तर मराठी माणूस चक्क फायद्यात आहे. जर्मनमध्ये एकम आधी आणि दशम नंतर येतो. ‘आख्ट-उन्ट-फ्युन्फत्सिश’ म्हणजे आठ-आणि-पन्नास. इंग्रजीतून शिकणारे इथे वर्षानुवर्षे ८५ आणि ५८ यांची अदलाबदल करतात. आपल्या ‘अठ्ठावन्न’मध्येही आठच आधी आहे, ‘सत्तेचाळीस’मध्ये सातच आधी आहे, तेव्हा ऐकलेला आकडा इंग्रजीत न नेता थेट मराठीत टिपावा. फरक फक्त नवाच्या घरात पडतो: आपण २९ ला एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी, म्हणतो आणि ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात. मोठ्या संख्यांत आणखी एक खाच आहे. जर्मन ‘मिलिआर्डे’ म्हणजे आपला अब्ज, १०० कोटी. जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे त्याच्या हजारपट, एक लाख कोटी. तुमच्या प्रणालीत रोज किती नोंदी येतात हे सांगताना इंग्रजी सवयीने ‘बिलिओन’ म्हटले तर समोरच्याच्या भुवया उंचावतील. लेखी चाचणीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम आणि हजारांच्या जागी टिंब असते, हेही ध्यानात ठेवावे.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठीनेच मला दगा दिला. ‘हाल्प द्राय’ हे शब्द फोनवर ऐकले, हाल्प म्हणजे अर्धा आणि द्राय म्हणजे तीन, म्हणून मी साडेतीन समजलो. त्याचा अर्थ तिसऱ्या तासातला अर्धा, म्हणजे अडीच. माझी पहिली मुलाखत मी सुरू होण्याची वाट पाहत बसलो होतो तेव्हा ती होऊन जायला हवी होती. पूर्व जर्मनीत आणि नैर्ऋत्येकडच्या काही भागांत ‘फिअर्टल द्राय’ म्हणजे सव्वादोन, हे तर त्याहून चकवणारे आहे. फोनवर वेळ ठरली की ती २४ तासांच्या घड्याळात, ‘१४.३० वाजता’ अशी, ई-मेलने लिहून मागवावी.

ऐकण्याचा सराव बातम्यांवर करू नये, कारण निवेदकासारखे जर्मन कचेरीत कोणी बोलत नाही. सॉफ्टवेअरविषयी जर्मनमध्ये गप्पा मारणारे पॉडकास्ट भरपूर आहेत, ते रोज अर्धा तास ऐकावेत. कंपनी श्टुटगार्टच्या आसपासची असेल तर ‘इस्ट’चे ‘इश’ होते आणि हॅम्बुर्गकडे दुपारीही ‘मॉइन’ म्हणून स्वागत होते. त्या भागातल्या बोलीचा थोडा कान आधी तयार असलेला बरा.

सावरण्याची वाक्ये

एवढी एकच गोष्ट मी तोंडपाठ करायला सांगेन. न समजणे हा दोष मानला जात नाही, पण न समजता ‘या, या’ म्हणत राहणे हा दोष नक्की मानला जातो, कारण उद्या बैठकीत हा माणूस असेच करील अशी शंका येते. पुढची पाच वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता आली पाहिजेत:

‘वेन इश झी रिश्टिश फेरश्टांडन हाबे…’, म्हणजे मी तुमचे बरोबर समजलो असेन तर… आणि पुढे प्रश्न आपल्या शब्दांत.
‘क्योन्टन झी दी फ्रागे बिट्टे आंडर्स फॉर्मुलीरन?’, म्हणजे प्रश्न कृपया वेगळ्या शब्दांत विचाराल का? ‘पुन्हा सांगा’ म्हटले तर तेच शब्द पुन्हा येतात, म्हणून ‘वेगळ्या शब्दांत’ हे महत्त्वाचे.
‘आइनन मोमेंट बिट्टे, इश यूबरलेगे कुर्त्स’, म्हणजे एक क्षण, जरा विचार करतो.
‘मिअर फेल्ट गेराडे दास डॉइचे वोर्ट’, म्हणजे जर्मन शब्द आत्ता आठवत नाही. एवढे म्हणून इंग्रजी शब्द खुशाल वापरावा.
‘दास वाइस इश लाइडर निश्ट’, म्हणजे हे मला माहीत नाही.

यांतले पहिले वाक्य सगळ्यांत मोलाचे आहे. ते वापरले की विचार करायला वेळ मिळतो, गैरसमज तिथेच उघडा पडतो, आणि तुम्ही नेमकेपणाने काम करता हेही दिसून येते. हल्लीच्या मुलाखतींत मी टेबलाच्या पलीकडे बसतो, तेव्हा व्याकरण चोख असलेल्या पण प्रश्न न समजताच उत्तर देणाऱ्या उमेदवारापेक्षा, तुटक बोलूनही प्रश्न तपासून घेणाऱ्याला मी नेहमीच जास्त गुण दिले आहेत.

अहो-जाहो आणि फसवे शब्द

‘झी’ आणि ‘डू’ यांचा फरक मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. ती आपली अहो-जाहो आणि अरे-तुरेच आहे. मुलाखतीत ‘झी’ने सुरुवात करावी आणि ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ लावून आडनावाने संबोधावे. जाहिरातीतच ‘डू’ वापरलेले असेल किंवा समोरून ‘आपण डू म्हणू या’ अशी सूचना आली तर लगेच मान्य करावे. अशा वेळी संकोचाने ‘झी’लाच चिकटून राहिल्यास दुरावा वाटतो. मात्र मराठीत बॉसचे वय पाहून आपण ज्या खुबीने नाव घेणेच टाळतो, ती युक्ती तिथे चालत नाही. आणि ‘सर’ म्हणणे तर पूर्णपणे विसरावे.

इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी काही शब्दांनी सापळे लावलेले आहेत. ‘एवेन्टुएल’चा अर्थ कदाचित असा आहे, शेवटी असा नव्हे. ‘ही सुविधा आम्ही एवेन्टुएल पूर्ण केली’ असे म्हटल्यास ती पूर्ण झाली की नाही हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘आक्टुएल’ म्हणजे सध्या, ‘बेकोमन’ म्हणजे मिळणे, आणि ‘इश विल’ म्हणजे मला हवे आहे, मी करीन असे नव्हे. सगळ्यांत महाग पडणारी चूक राजीनाम्याची आहे. ‘इश हाबे गेक्युंडिश्ट’ म्हणजे मी नोकरी सोडली. ‘मिअर वुर्डे गेक्युंडिश्ट’ म्हणजे मला काढून टाकले. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न येणारच, तेव्हा यांतले आपल्याला लागू असलेले एकच वाक्य पाठ करून दुसरे डोक्यातून काढून टाकावे.

मुलाखतीचा दिवस आणि कोडची चाचणी

भारतातून व्हिडिओवर मुलाखत देणार असाल तर तारीख पाहून वेळ काढावी. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. बदलाच्या आसपासच्या आठवड्यात मुलाखत असेल तर दोनदा तपासावे. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर असावे, पण अर्धा तास आधी नव्हे. मुलाखतीच्या आधीचा तासभर मराठी आणि इंग्रजी दोन्ही बाजूला ठेवून जर्मन ऐकत किंवा स्वतःशी मोठ्याने बोलत राहावे, म्हणजे पहिले वाक्य अडकत नाही.

जर्मनीतच राहत असाल आणि प्रत्यक्ष बोलावणे आले असेल, तर मुलाखतीला येण्याजाण्याचा वाजवी खर्च बोलावणाऱ्याने द्यावा असे तिथल्या नागरी कायद्यानुसार मानले जाते. मात्र देणार नाही असे त्यांनी आधीच कळवलेले असले तर तो मिळत नाही.

प्रत्यक्ष मुलाखतीत कंपनीचाच लॅपटॉप पुढे आला तर कळफलकाकडे आधी पाहावे. जर्मन कळफलकावर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागा उलट असतात. महिरपी कंस ‘आल्ट-जीआर’ दाबून ७ आणि ० वर आणि चौकोनी कंस ८ आणि ९ वर सापडतात. दहा वर्षांच्या सवयीची बोटे इथे पाच मिनिटांत हतबल होतात. ‘इंग्रजी कळफलक लावला तर चालेल का’ असे विचारण्यात काहीही गैर नाही, पुष्कळ जर्मन डेव्हलपर स्वतः तोच वापरतात.

कोड लिहिताना शांत राहून अखेरीस उत्तर दाखवण्याची आपली सवय इथे नडते, कारण त्यांना उत्तराइतकाच विचार ऐकायचा असतो. त्यासाठी फार भाषा लागत नाही. ‘त्सुएर्स्ट’ (आधी), ‘डान’ (मग), ‘आम एंडे’ (शेवटी) हे तीन शब्द आणि ‘इश गेहे दाफोन आउस, दास…’ (मी असे गृहीत धरतो, की…) ही एक सुरुवात पुरेशी आहे. चिन्हांची नावेही शिकून घ्यावीत: क्लामर आउफ, क्लामर त्सू (कंस सुरू, कंस बंद), उंटरश्ट्रिश (अंडरस्कोर), श्रेगश्ट्रिश (स्लॅश). ई-मेलमधल्या ‘ॲट’च्या चिन्हाला ते कधीकधी ‘क्लामरआफे’ म्हणतात, म्हणजे शेपटीने फांदीला लोंबकळणारे एक माकड, आणि एकदा ऐकले की ते चिन्ह पुन्हा तसेच दिसत राहते.

पगार आणि इतर नाजूक प्रश्न

‘गेहाल्ट्सफोरश्टेलुंग’, म्हणजे पगाराची अपेक्षा, हा प्रश्न कधी जाहिरातीतच तर कधी मुलाखतीच्या शेवटी येतो. उत्तर वर्षाच्या ‘ब्रुटो’ आकड्यात, म्हणजे कर आणि सामाजिक विम्याची कपात होण्यापूर्वीच्या रकमेत द्यायचे असते. महिन्याचा आकडा सांगू नये. ‘तुम्ही ठरवाल ते’ असे आपल्याकडच्या रीतीने म्हटल्यास तो विनय न वाटता तयारीचा अभाव वाटतो. एक आकडा ठरवून तो जर्मनमध्ये वीस वेळा मोठ्याने म्हणून ठेवावा. ब्लू कार्डवर जाणार असाल तर त्या वर्षीची किमान मर्यादा आधी पाहून घ्यावी, कारण ती दरवर्षी बदलते. २०२५ साली आयटी व्यवसायासाठी ती वार्षिक ४३,७५९.८० युरो ब्रुटो होती, आणि त्याखालचा आकडा मान्य केल्यास त्या परवान्यापुरता करारच निरुपयोगी ठरतो.

‘प्रोबेत्साइट’, म्हणजे परिविक्षाकाळ, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना साधारणपणे दोन आठवड्यांच्या सूचनेने करार संपवता येतो. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान २० दिवसांची रजा कायद्यानेच मिळते आणि बहुतेक कंपन्या त्याहून जास्त देतात. तुमची भारतातली ‘क्युंडिगुंग्सफ्रिस्ट’, म्हणजे नोटीस पीरियड, ९० दिवसांची असेल तर ते आणि व्हिसाला लागणारा वेळ मिळून खरी रुजू होण्याची तारीख सांगावी. लवकरची तारीख सांगून नंतर पुढे ढकलणे तिथे फार वाईट दिसते.

गरोदरपण, लग्नाचा बेत, धर्म यांविषयीचे प्रश्न सामान्यतः विचारता येत नाहीत. समान वागणुकीचा कायदा तिथे २००६ पासून लागू आहे. असा प्रश्न आलाच तर ‘याचा कामाशी संबंध कसा आहे ते सांगाल का’ असे शांतपणे विचारावे. कामाच्या परवान्याविषयी विचारणे मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात, कागद पुढे ठेवून द्यावे.

तुमचे प्रश्न, आणि त्यानंतर

शेवटी ‘हाबन झी नॉख फ्रागन?’, म्हणजे तुमचे काही प्रश्न आहेत का, असे विचारले जाते. ‘नाही, सगळे समजले’ हे चुकीचे उत्तर आहे. नव्या भाषेत काम करू पाहणाऱ्याने तरी पुढचे तीन प्रश्न विचारावेतच: रोजची बैठक आणि दस्तऐवज कोणत्या भाषेत असतात, नव्या माणसाची ‘आइनआर्बाइटुंग’, म्हणजे कामाची सुरुवातीची ओळख, कोण आणि किती दिवस करून देतो, आणि कोडची तपासणी कोण करते. पहिल्याच उत्तरावरून कळते, की जर्मन ही तिथे खरोखर गरज आहे की जाहिरातीतली सवय आहे. दस्तऐवज इंग्रजीत आणि बैठक जर्मनमध्ये, असा मिश्र प्रकार सर्वांत सामान्य आहे आणि पहिल्या नोकरीसाठी मला तोच सर्वांत सोयीचा वाटतो.

‘विअर मेल्डन उन्स’, म्हणजे आम्ही कळवू, असे म्हणून मुलाखत संपते. हा नकार नसतो आणि होकारही नसतो, तेव्हा साधारण कधी कळवाल, हे त्याच क्षणी विचारून घ्यावे. आलेल्या ई-मेलच्या पहिल्या ओळींत ‘लाइडर’ (दुर्दैवाने) दिसले की पुढचे वाचण्याची घाई नसते. परंतु त्या संध्याकाळी, निकाल येण्याच्या कितीतरी आधी, एक काम उरकून टाकावे: मुलाखतीत जे प्रश्न अडले आणि जे शब्द ऐकू येऊनही कळले नाहीत ते, आठवतील तसे, चुकीच्या उच्चारासकट वहीत उतरवून ठेवावेत. माझ्या वहीतल्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर ‘हाल्प द्राय’ लिहिलेले आहे, दुसऱ्या मुलाखतीतले सात शब्द खाली आहेत, आणि तिसऱ्या मुलाखतीत त्या सातांपैकी पाच पुन्हा आले.